आधी वेळ, मग रस्ता: महाराष्ट्रातल्या आगळ्या जागा आणि जत्रा एका दिवसात कशा गाठाव्यात

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला उमामहेश्वराच्या देवळापाशी काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट आत घुसली की तिला बाजूला सरकायला जागाच उरत नाही, आणि पाणी तोफ डागल्यासारखा आवाज करत सरळ वर उसळतं. मी ते बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळी चिपळूणहून निघून दुपारी बाराला घळीवर उभी होते. खाली ओली वाळू होती, दोन-चार खेकडे होते आणि तळाशी लाटांची नुसती कुजबुज. देवळापाशी बसलेल्या एका आजीनं विचारलं, "आज तिथी कोणती, ठाऊक आहे का? अष्टमी. आता कुठलं पाणी? पुनवेला या."

मी पुनवेला गेले. अकराच्या सुमारास पहिला फवारा उडाला आणि पुढचा तासभर मी तिथून हलले नाही.

तेव्हापासून अशा कुठल्याही सहलीची आखणी मी रस्त्यापासून करत नाही, वेळेपासून करते. किल्ला किंवा धबधबा दोन तास उशिरा गेलात तरी जागेवरच असतो. पण आपल्याकडच्या खऱ्या विलक्षण गोष्टी वर्षातून एकदा आणि कधी कधी जेमतेम पंधरा मिनिटं घडतात. ती पंधरा मिनिटं हुकली तर तीनशे किलोमीटर गाडी चालवून हाती काही लागत नाही.

पायरी १: ती जागा कुठल्या घड्याळावर चालते ते ओळखा

बहुतेक जत्रा तिथीवर चालतात, आणि इथे यादी इतकी मोठी आहे की निवड करणं हेच काम होऊन बसतं. एकट्या रंगपंचमीचं बघा. वाईजवळच्या बावधनला त्या दिवशी भैरवनाथाचं बगाड निघतं. होळीच्या रात्री देवाला कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा माणूस, ठरतो. पंचमीला त्याला उंच शिडाच्या टोकाला बांधतात आणि कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत बैलांच्या जोड्या तो अवाढव्य लाकडी गाडा शेताशेतांतून ओढत नेतात. त्याच दिवशी नाशिकच्या जुन्या भागात पेशवेकालीन रहाडी उघडलेल्या असतात. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि मातीखाली झाकलेला असतो, वरून रहदारी चालते. रंगपंचमीला तो उकरून रंगानं भरतात आणि माणसं त्यात उड्या टाकतात. त्याला तिथे 'धप्पा मारणं' म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आणि पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्राही त्याच दिवशी भरात असते. तिन्ही एका दिवसात होत नाहीत, दोनही होत नाहीत. एक निवडा, बाकीची पुढच्या वर्षांसाठी ठेवा.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यात लोणंदजवळ सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, हातवारे करतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. हा 'बोरीचा बार'. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, निघतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत त्या वर्षीच्या संकटांचे आणि अन्यायांचे पुतळे, म्हणजे बडगे, पुढे नाचवतात आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं गावाबाहेर नेऊन जाळतात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा.

काही गोष्टी मात्र इंग्रजी तारखेवर चालतात, कारण त्यांचं घड्याळ सूर्य आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला होतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. या दोन तारखाच का? २१-२२ डिसेंबरला सूर्य जास्तीत जास्त दक्षिणेला असतो. त्याच्या साधारण ४१ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. देवळाचा अक्ष नेमका त्या ठिकाणाकडे तोंड करून आहे. हे एकदा समजलं की रांगेत उभं असताना आपण काय बघायला आलोय ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

खिद्रापूरच्या कोपेश्वराचं घड्याळ चंद्र. कृष्णाकाठच्या या शिलाहारकालीन देवळाच्या स्वर्गमंडपाला छतच नाही. ४८ खांब आणि वर मोठं गोल आकाश. त्या गोलाच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो आणि चांदणं त्या शिळेवर उतरतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि पुनवेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणून तो आकाशात इतका उंच चढतो. पावसाळ्यातली पुनव तिथे हे दृश्य देणार नाही.

सगळ्यात हट्टी घड्याळ आंगणेवाडीचं. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या या वाडीतली भराडी देवीची जत्रा कुठल्याच पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल झाला की तारीख जाहीर होते. ती कळेपर्यंत थांबायचं आणि कळली की त्याच दिवशी गाडीचं आरक्षण बघायचं. दुसरा मार्ग नाही.

ऋतूच्या गोष्टींना दिवसाची घाई नसते, पण महिन्याची असते. भंडारदऱ्याचे काजवे मेअखेर ते पहिला जोरदार पाऊस एवढेच दिवस. नाणेघाटातला वर उडणारा धबधबा भर पावसाळ्यात, वारा घाटातून चढत असताना. आणि निघोजचे रांजणखळगे नेमके उलट, कुकडीचं पाणी ओसरल्यावर. पुराच्या पाण्यात गोटे भोवऱ्यात अडकून गोल गोल फिरत राहतात आणि तळाचा बेसॉल्ट कोरून काढतात. हे काम हजारो वर्षं चाललंय. नदी भरलेली असेल तर ते सगळं कोरीवकाम पाण्याखाली. आणि पाणी ओसरलं तरी त्या रांजणांमध्ये उतरू नका. वरून पाणी गुडघाभर वाटतं, पण आत तळ कुठे लागेल ते दिसत नाही, आणि गुळगुळीत भिंतींना धरायला काही नसतं.

पायरी २: तारीख पक्की करा, आणि मग पुन्हा एकदा पक्की करा

मोबाईलवर तिथी शोधाल तर एक घोळ हमखास होतो. उत्तरेकडची पंचांगं पौर्णिमेला महिना संपवतात, आपली अमावास्येला. म्हणून आपली फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी, तिकडे चैत्र कृष्ण पंचमी म्हणून दिसते. मराठी दिनदर्शिका समोर ठेवा.

दुसरा घोळ अधिक मासाचा. गेल्या वर्षीच्या फोटोवरची तारीख बघून रजा टाकू नका. २०२५ मध्ये नागपंचमी २९ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यानं ती १७ ऑगस्टला. म्हणजे बोरीचा बार जवळजवळ तीन आठवडे पुढे.

तिसरी गोष्ट छोटी, पण चांगलीच अडवते. दिनदर्शिकेतली तिथी सूर्योदयाची असते. कार्यक्रम रात्रीचा असेल तर त्या चौकटीतली बारीक अक्षरं वाचा. तिथी किती वाजता लागते आणि किती वाजता संपते ते तिथे असतं.

यानंतर गावात फोन करा. देवस्थान, ग्रामपंचायत किंवा गावातलं एखादं हॉटेल, कुठेही. 'जत्रा कधी आहे?' एवढंच विचारलं तर उत्तर मिळतं, 'या की, दिवसभर आहे.' ते खरंही असतं, पण आपल्या कामाचं नसतं. मी तीन प्रश्न विचारते: मुख्य गोष्ट साधारण किती वाजता होते, ती सुरू कुठून होते, आणि बाहेरच्या गाड्या कुठे अडवतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्यात मोलाचं निघतं. मोठ्या यात्रांना एसटी जादा गाड्या सोडते. जवळच्या आगारात त्यांची चौकशी केली तर तारीख आणि वाहतूक दोन्ही एका दमात कळतात.

समुद्राकाठी पाऊणपटीचा हिशोब

कोकणात जाणार असाल तर हा हिशोब पाठच करून टाका. त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा. पूर्ण ओहोटी त्याच्या आगेमागे सहा तासांनी. अष्टमीला दुपारी बाराला मला खेकडे का भेटले ते आता लक्षात आलं असेल.

पुनवेची आणि अवसेची भरती उधाणाची. पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे चढउतार कमी. म्हणून बामणघळीसाठी पौर्णिमा-अमावास्येचा आगेमागचा दिवस धरा आणि साडेदहाला तिथे पोचा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर गरज उलटी आहे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी फिरायच्या आत परतायचं. भांगाच्या दिवशी पाणी पुरतं हटतच नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे. जीव पणाला लावायचा नसतो, म्हणून जायच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील वेळापत्रकही बघून घ्या. आणि भर पावसात बामणघळीच्या तोंडाशी उभं राहू नका. तिथला कातळ शेवाळलेला असतो.

पायरी ३: मुख्य क्षणापासून उलटं मोजा

आपण सहसा 'सहाला निघू, दहाला पोचू, मग बघू' असं ठरवतो. त्याऐवजी क्षण मधोमध ठेवा आणि मागे मोजत या.

किरणोत्सवाचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबरात कोल्हापुरात सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो, म्हणजे किरणं गाभाऱ्याकडे सरकतात ती शेवटच्या पाऊण तासात. गाभाऱ्यासमोर फार थोडी माणसं मावतात, म्हणून रांगेत दुपारी तीनला. त्याआधी जेवण, त्याआधी गाडी लावणं, आणि सणासुदीच्या कोल्हापुरात गाडी लावणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम धरा. म्हणजे शहरात एकच्या आत. पुण्याहून निघायचं तर सकाळी सातला घर सोडायला हवं. आणि एक दिवस ढग आले तर? म्हणून मी तीन दिवसांतल्या पहिल्या दिवशी जाते, शेवटच्या नाही. पहिला हुकला तर मुक्काम वाढवता येतो.

खिद्रापूरला हेच गणित उलट्या टोकाला जातं. क्षण मध्यरात्रीचा, त्यामुळे त्याच रात्री परत गाडी चालवणं चूक. जवळच नृसिंहवाडी आहे, तिथे मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा. दुपारी खिद्रापूरला पोचून उजेडात देऊळ नीट बघा. पायाशी ओळीनं कोरलेले हत्ती अंधारात कळत नाहीत. देवळासमोर नंदी नाही हेही उजेडातच जाणवतं.

जेजुरीचा गाढवांचा बाजार मात्र पहाटेचा. जानेवारीची थंडी, शेकोट्या, आणि वडार, कैकाडी, वैदू, बेलदार समाजांची माणसं. व्यवहार दातांवर होतो. माणूस गाढवाचा ओठ वर करतो, बोटानं दात चाचपतो आणि किंमत बोलतो. दोन दातांचं ते दुवान, चार दातांचं चौवान. मी एका म्हाताऱ्या बाबांना एकामागून एक सात जनावरं अशी तपासताना बघितलं. सहा सोडून ते सातव्यापाशी थांबले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेवढ्यात त्याचा मालक उठून उभा राहिला. एक शब्दही बोलला गेला नव्हता. उन्हं वर येईपर्यंत चांगली जनावरं विकलेली असतात, तेव्हा पुण्याहून पाचला निघा. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे.

पायरी ४: सोबत एक 'कधीही' जागा ठेवा

मुख्य गोष्ट फसली किंवा लवकर आटोपली तर दिवस वाया जाऊ नये म्हणून जवळची एक अशी जागा हाताशी असू द्या, जिला घड्याळ नाही.

वाई-सातारा पट्टा यासाठी सोन्यासारखा. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात आमराईच्या पाण्यासाठी ती बांधून घेतली. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. अष्टकोनी विहीर, आणि तिच्या पोटात चक्क एक छोटा महाल. खाली उतरलात की बाहेरचं ऊन विसरायला होतं. दुपारी डोक्यावर सूर्य असताना जा, तेव्हाच प्रकाश पार खालच्या पाण्यापर्यंत पोचतो.

तिथून वाईकडे मागे या आणि मेणवलीच्या घाटावर जा. नाना फडणवीसांचा वाडा सगळे बघतात, पण घाटावरच्या देवळाजवळची घंटा बघितल्याशिवाय परतू नका. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. जवळ जाऊन पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेलं आहे. कृष्णेच्या काठी, शंकराच्या देवळाशेजारी, तीनशे वर्षांपूर्वीची मेरी. माझ्या मते साताऱ्याच्या वाटेवरची ही सगळ्यात आगळी वस्तू आहे.

मुलं बरोबर असतील आणि वेळ उरला असेल तर पाचगणीच्या पुढे भिलारला जा. हे २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. गावातल्या घरांच्या खोल्यांत पुस्तकं मांडलेली आहेत, हवं ते उचलून बसून वाचायचं.

नाशिकच्या रहाडींना जोड म्हणून सिन्नर धरा. गोंदेश्वराचं यादवकालीन देऊळ आणि गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जी झिओलाइटची स्फटिकं तयार होतात ती तिथे नीट मांडलेली दिसतात.

विज्ञानाची ओढ असेल तर नारायणगावजवळचं खोडद. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांसाठी दारं उघडतात. मोबाईल बंद ठेवायला सांगतील, आणि तो खरंच बंद ठेवा. आकाशातून येणारे ते संकेत इतके क्षीण असतात की आपल्या खिशातला फोनही त्यांना झाकून टाकतो.

पायरी ५: गर्दीत शिरण्याआधी

२५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत २९० हून अधिक माणसं गेली. कुठल्याही जत्रेत पाऊल टाकताना मला ते आठवतं, आणि म्हणून पुढच्या गोष्टी मी कधीच चुकवत नाही.

पोचल्यावर आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. अरुंद पायऱ्या, एका बाजूला भिंत आणि एका बाजूला उतार असेल तिथे गर्दीत थांबायचं नाही. फोन चालणार नाहीत असं धरून चुकामूक झाल्यावर भेटायची जागा ठरवायची, आणि ती ठळक हवी: देवळाची दीपमाळ, एसटीचा थांबा. लहान मुलाच्या खिशात आपलं नाव आणि नंबर लिहिलेला कागद. गर्दी छातीवर दाबायला लागली तर पुढे रेटायचं नाही, तिरकं कडेला सरकायचं.

बावधनला बैलांच्या समोर कधीही उभं राहू नका. गाडा वळताना त्याला थांबवता येत नाही. मागच्या बाजूला, थोड्या उंचवट्यावरच्या बांधावर थांबा, तिथून शीड आणि बगाड्या दोन्ही दिसतात. आणि कुणाच्या उभ्या पिकात शिरू नका.

फोटोंबद्दल एकच सांगते. बोरीच्या बारात शिव्या देणारी बाई दुसऱ्या दिवशी तिच्या शेतात आणि तिच्या घरात असते. तिचा चेहरा जवळून टिपून मोबाईलवर फिरवणं हा तिच्या घरात घुसण्यासारखा प्रकार आहे. लांबून बघा, ऐका, हसा. जवळून फोटो हवा असेल तर, "मावशी, काढू का?" असं विचारा. नाही म्हणाली तर नाही. जेजुरीच्या बाजारातही जनावरावर हात टाकायच्या आधी मालकाकडे बघा. काजव्यांच्या रानात तर विजेरी आणि गाडीचे दिवे बंदच ठेवा. काजवे प्रकाशानं जोडीदार शोधतात, आपल्या उजेडात त्यांचा एकमेकांशी संवादच तुटतो.

भंडाऱ्याच्या जत्रा

जेजुरीची सोमवती अमावास्या आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये येणारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव यात्रा, या दोन्ही ठिकाणी उधळलेल्या भंडाऱ्यानं, म्हणजे हळदीनं, हवा पिवळी असते. जवळच्या माणसाचाही चेहरा दिसत नाही. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. दम्याचा त्रास असेल तर मधोमध जाऊ नका. फोन पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पायऱ्यांवर सांडलेल्या हळदीवरून पाय सटकतो, तेव्हा चप्पल काढायची असेल तिथे कठड्याच्या बाजूनं चढा. पट्टणकोडोलीला फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचं भविष्य, ऐकायची असेल तर कन्नड-मराठी मिसळलेली भाषा कानावर पडेल. शेजारच्या धनगर आजोबांना अर्थ विचारा, ते आनंदानं सांगतात.

घरी आल्यावर कपड्यांना लगेच साबण लावू नका. हळद साबणाला लागली की लाल होते, चुना घालून हळदीचं कुंकू करतात तसंच. आधी कपडे अंगणात कोरडेच झटका, मग साध्या पाण्यातून दोनदा काढा, आणि कडक उन्हात दिवसभर वाळत टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो. साबण दुसऱ्या धुण्याला.